फुंकून वाजवलेली गिटार

"हे फुंकून वाजवलेलं हाय न्हवं?"

२००४ च्या दिवाळीत मिरजेच्या सितारमेकर गल्लीत एका चाचांनी मला हे विचारलं आणि मी हसलो, म्हणजे तोंडावर नाही पण मनात हसलोच, कारण त्यांच्या कानाला लावलेल्या हेडफोनमध्ये जे चाललं होतं ती चक्क इलेक्ट्रिक गिटार होती. आईचा तानपुरा जवारीला (म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज मोकळा करायला) टाकला होता, तो आणायला गेलो होतो, काम अजून उरकलं नव्हतं, चाचा घोडीवर हळूहळू कानस मारत बसलेले, आणि मी पुण्याहून नुकताच आलेला, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाचा, खिशात डिस्कमन आणि डोक्यात ही हवा की आपण जे ऐकतो ते मिरजेत कुणी ऐकलेलं नाही. म्हटलं ऐका चाचा, जगातला सगळ्यात भारी गिटारवाला. त्यांनी हात पुसले, हेडफोन एकाच कानाला धरला, दुसरा कान रिकामा ठेवला (हे लोक असंच ऐकतात, का ते मला नंतर कळलं), मिनिटभर ऐकलं आणि हा प्रश्न. मी म्हटलं नाही हो, गिटार आहे, तारा आहेत सहा. ते म्हणाले "तारंचा घाव कुठाय मग?" आणि हेडफोन परत देऊन कानस उचलली.

ॲलन होल्ड्सवर्थ. अल्बम 'मेटल फटीग', १९८५ चा. गाणं म्हणजे गाणं नाहीच ते, शब्द नाहीत त्यात, 'डेव्हिल टेक द हाइंडमोस्ट' नावाचा तुकडा.

तर ह्या माणसाबद्दल लिहायचं किती वर्षं डोक्यात आहे, आणि दरवेळी सुरुवात केली की ते तुफान वेग, अशक्य बोटं वगैरे लिहून होतं आणि मग माझं मलाच वाचवत नाही. वेगाबद्दल बोलण्यात मजा नाही. सगळ्यात फास्ट गिटारिस्ट कोण असल्या याद्यांमध्ये ह्याचं नाव असतंच, मलासुद्धा तो तसाच सापडला, हॉस्टेलच्या लॅनवर कुणाच्या तरी शेअर केलेल्या फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात स्पेलिंग चुकलेलं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा वाटलं कीबोर्ड आहे. गिटार कधी सुरू होणार ह्याची वाट बघत तुकडा संपला. मग रूममेट म्हणाला अरे तीच होती गिटार. आणि खरं सांगायचं तर तेव्हा आवडलं पण नव्हतं, कुठे चाललाय हेच कळत नव्हतं, पण ते कळत नाही म्हणून परत लावलं, आणि परत, आणि असं करत करत सेमिस्टर गेली.

माणूस इंग्लंडातल्या यॉर्कशरचा, ब्रॅडफर्ड गावचा, १९४६ चा जन्म. लोकरीच्या गिरण्यांचं गाव. घरात आजोबा पियानो वाजवायचे, जॅझवाले. आणि ह्याला गिटार नकोच होती. ह्याला हवा होता सॅक्सोफोन, फुंकायचं काहीतरी. जॉन कोल्ट्रेनच्या सॅक्सोफोनचं वेड. पण हातात आली गिटार, तीसुद्धा सतराव्या वर्षी, म्हणजे ज्या वयात आपल्याकडे गुरुजी म्हणतात आता उशीर झाला बाळ, त्या वयात. आणि मग पुढची पन्नास वर्षं ह्या गड्याने काय केलं तर गिटारीला गिटारीसारखं वाजू दिलं नाही. बस. माझ्या मते त्याच्या सगळ्या वाजवण्याचं सार एवढंच आहे, बाकीचं सगळं, ती बोटं, ते विचित्र कॉर्ड (एकदम वाजणारे तीन-चार सूर), ती यंत्रं, ह्या एकाच हट्टातून निघालेलं.

चाचा म्हणाले तो घाव, तोच खरा मुद्दा. तार छेडली की आधी टण् होतं आणि मग सूर येतो, आणि आला की लगेच मरायला लागतो. सतारीचं तेच, सरोदचं तेच, गिटारीचंही तेच. फुंकायच्या वाद्यात, गळ्यात, सारंगीत सूर मध्ये कुठेही फुगवता येतो, बारीक करता येतो, एकातून दुसऱ्यात नेता येतो. आपल्याकडे विलायत खाँसाहेबांनी सतारीवर गायकी अंग आणलं, एका आघातात मींड ओढून ओढून पाच पाच सूर काढायचे, त्यामागे हीच तगमग होती की हे तुटक वाजणारं गळ्यासारखं कसं वाजेल. होल्ड्सवर्थला विलायत खाँ माहीत होते की नाही हा प्रश्न नाही, दुखणं एकच होतं एवढंच म्हणतोय.

उपाय मात्र वेगळा. तो तार ओढण्यापेक्षा बोटं आपटायचा. म्हणजे उजव्या हाताने तार एकदाच छेडायची आणि पुढचे सात-आठ सूर नुसती डाव्या हाताची बोटं तारेवर आपटून काढायचे. ह्याला हॅमर-ऑन म्हणतात, ते सगळेच गिटारवाले करतात. त्याच्या उलट पुल-ऑफ, बोट उचलताना तार जराशी बाजूला ओढून खालचा सूर वाजवायचा, तेही सगळे करतात. हा ते टाळायचा. कारण ओढताना तार किंचित हलते, सूर किंचित वाकडा होतो आणि कानाला कळतं की इथे कुणीतरी तार ओढली. त्याला कळू द्यायचंच नव्हतं. म्हणून तो उतरतानासुद्धा बोटं वरून आपटूनच उतरायचा. चढताना आपटणं समजू शकतो, उतरताना आपटणं म्हणजे जिना उतरताना प्रत्येक पायरीवर वरून उडी मारून यायचं आणि आवाज मात्र सरकल्यासारखा यायला हवा. मी हे करून बघितलंय. करंगळी आणि पहिलं बोट ह्यांच्यात त्याच्याइतकं अंतर टाकायचा नाद तीन महिने केला आणि मग मनगटाला असा चमका बसला की महिनाभर बाइकचा क्लच दाबताना त्याची आठवण यायची.

तेव्हा मी त्या 'डेव्हिल टेक'च्या सोलोचा एक तुकडा कॉम्प्युटरवर निम्म्या वेगाने लावून ऐकायचो. आणि तिथे एक गोष्ट लक्षात आली जी पूर्ण वेगात कधीच आली नव्हती. निम्म्या वेगातही त्या ओळीत भोकं नव्हती. बाकीच्या फास्ट लोकांचं वाजवणं हळू केलं की सांगाडा दिसतो, हां इथे ठरलेला पॅटर्न आहे, इथे तोच वरच्या तारेवर परत, इथे हात आपोआप चाललाय. ह्याचं हळू केलं तर नुसती एक संथ, जरा उदास चाल निघाली. एक ओळ वर चढते, आता षड्जावर येणार असं वाटतं तिथे येत नाही, शेजारच्या भलत्याच सुरावर जाऊन थांबते, आणि तो थांबलेला सूर गिटारीवरच्या सूर हलवायच्या दांडीने हलकासा थरथरतो, डगमगत नाही, थरथरतो, गाणारा लांब सूर सोडताना शेवटी आवाजाला जो जीव देतो तसा. मग एक जागा रिकामी. मग पुढची ओळ. ती रिकामी जागा किती महत्त्वाची आहे हे मला लय उशिरा कळलं, त्यावर येतो.

कॉर्डबद्दल बोलायलाच हवं कारण खूप लोकांचं त्याच्यावरचं प्रेम तिथून सुरू होतं, सोलोतून नाही. त्याच अल्बमवर 'होम' म्हणून एक शांत तुकडा आहे, गिटार शिकणाऱ्या कुणाही मित्राला मी आधी तोच देतो. कॉर्ड वाजवताना तो व्हॉल्यूमचं पेडल आधी बंद ठेवायचा, तारा छेडायच्या आणि मग पायाने आवाज हळूच उघडायचा, वर आवाज लांबवणारी, पसरवणारी यंत्रं एकापुढे एक. परत तेच बघा, घाव गायब. छेडल्याचा आवाज झाला तेव्हा पेडल बंद होतं, आपल्यापर्यंत येतो तो फक्त मागून उमलणारा सूर. पहाटे घाटात धुकं सरकतं आणि मागचा डोंगर दिसायला लागतो तसे ते कॉर्ड येतात, आणि पूर्ण दिसायच्या आत दुसरा डोंगर. कुठला कॉर्ड हे नाव देऊन सांगणं अवघड आणि त्याला स्वतःला नावांचं काही पडलंच नव्हतं.

ही नावांची गंमत मला फार आवडते. त्याने रीतसर थिअरी शिकलेली नव्हती. मग त्याने काय केलं तर कागद घेऊन बसला आणि बारा सुरांतून पाच, सहा, सात सुरांचे जेवढे म्हणून गट होतात ते एकेक करून मांडत गेला, लागून लागून फार अर्धस्वर आले की तो गट बाद, उरलेल्यांतले कानाला पटतील ते ठेवायचे. नावं माहीत नाहीत म्हणून स्वतःच्या खुणा. १९९२ मध्ये त्याने शिकवण्याचा एक व्हिडिओ काढला, त्यात हा बुजऱ्यासारखा बसून आपल्या सगळ्यात कामाच्या दहा स्केल, म्हणजे असे सुरांचे गट, दाखवतो, आणि म्हणतो काय तर कॉर्ड म्हणजे वेगळं काही नाही, त्या स्केलच्या कुटुंबातली चार माणसं एकत्र उभी राहिली की झाला कॉर्ड. मी तो व्हिडिओ आईला दाखवला होता. आई किराणा घराण्याचं गाणं शिकलेली, तिला ड्रम सुरू झाले की कपाळ दुखतं, पण हे तिने नीट बघितलं आणि म्हणाली दहाच? भातखंड्यांचे पण थाट दहाच की. आता हा योगायोगच, भातखंड्यांनी चालू रागांची व्यवस्था लावण्यासाठी दहा निवडले आणि ह्याने शेकड्यांतून गाळून दहा काढले, दोन्हीचा काही संबंध नाही. पण ते कोष्टक मांडून बसण्याचं वेड बघितलं तर मला त्याच्यात दक्षिणेतल्या संगीतातले ते बहात्तर मेळकर्ते, म्हणजे मूळ सुरावटी, रचणारे व्यंकटमखी जास्त दिसतात. आधी सगळ्या शक्यता लिहून काढा, वाजवायचं काय ते मग बघू.

आणि एकदा वाजवलं ते परत तसंच वाजवायचं नाही. १९७८ मध्ये तो यूके नावाच्या बँडमध्ये होता, बिल ब्रुफर्ड, जॉन वेटन, एडी जॉबसन असली मोठी मंडळी, त्यांच्या पहिल्या अल्बमवर 'इन द डेड ऑफ नाइट'मध्ये ह्याचा सोलो आहे, रॉकवाले आजही तो पाठ करतात. स्टेजवर बँडला तोच सोलो रोज हवा. ह्याला नको. झालं, बाहेर. ख्याल ऐकून वाढलेल्या माणसाला ह्यात नवल वाटत नाही, कालचा यमन आज तसाच्या तसा गा म्हटलं तर कुठला गवई ऐकेल. पण त्या धंद्यात हे म्हणजे हातातलं काम सोडणं. ड्रमर टोनी विल्यम्ससोबतचा 'बिलीव्ह इट' १९७५ चा, त्याच वर्षी सॉफ्ट मशीन बँडचा 'बंडल्स', मग गाँग नावाचा बँड, मग व्हायोलिनवाल्या ज्याँ-ल्यूक पाँटीचा 'एनिग्मॅटिक ओशन' १९७७, मग ब्रुफर्डचाच बँड. एका दशकात एवढी घरं फिरला. जिथे गेला तिथली ती रेकॉर्ड लोक त्याच्यासाठी शोधतात, आणि तो मात्र पुढच्या स्टेशनावर.

रेकॉर्ड म्हटलं की त्याचं तोंड वाकडं. स्वतःचं वाजवणं त्याला ऐकवायचं नाही. १९७६ मध्ये तर प्रॅक्टिस समजून वाजवलेलं 'व्हेल्व्हेट डार्कनेस' म्हणून बाजारात आलं आणि तो आयुष्यभर त्या अल्बमवर खार खाऊन होता. मग १९८२ मध्ये स्वतःच्या पैशाने अल्बम काढला आणि नाव काय ठेवलं तर 'आय. ओ. यू.', म्हणजे देणं लागतो, उधारीची चिठ्ठी. एडी व्हॅन हेलन त्या काळात अमेरिकेतला गिटारचा देव, तो ह्याच्या मागे लागून ह्याला मोठ्या कंपनीत घेऊन गेला, १९८३ ला 'रोड गेम्स' आला, ग्रॅमीचं नामांकन मिळालं, आणि ह्याचं आणि निर्मात्याचं पटलं नाही, हा नाराज. मला 'रोड गेम्स' आवडतो. 'आय. ओ. यू.'मधलं गाणं, म्हणजे त्यातला गायकाचा भाग, मला कधीच पचला नाही, वादक काय वाजवतायत आणि वरून हे काय असं होतं. भक्त लोक चिडतात ह्यावर, चिडोत.

आता ती रिकामी जागा.

२००९ का १० ला, म्हणजे चाचांच्या प्रश्नानंतर पाच-सहा वर्षांनी, मी बंगळुरूला नोकरीला, इंटरनेट जरा बरं झालेलं, आणि एका रात्री त्याचे ऐंशीच्या दशकातले व्हिडिओ बघत होतो. एका व्हिडिओत त्याच्या गळ्यात गिटार नव्हतीच. काहीतरी प्लास्टिकचं, विचित्र कोनात वाकलेलं, नळाच्या जोडासारखं. सिंथॲक्स. इंग्लंडातच बनलेलं यंत्र, सगळी मिळून शंभरसुद्धा बनली नाहीत म्हणे, महाग इतकं की त्या पैशात चांगली गाडी यावी. त्याला तारा असतात पण त्या वाजत नाहीत, त्या फक्त सिंथेसायझरला सांगतात की आता हा सूर. डाव्या हाताच्या तारा वेगळ्या, उजव्या हाताच्या वेगळ्या. हे सगळं ठीक. पण त्याच्या तोंडात एक नळी होती. मी व्हिडिओ थांबवला, मागे नेला, परत बघितलं. नळीच. तो बोटांनी सूर धरत होता आणि फुंकून आवाज लहानमोठा करत होता.

रात्रीचे दीड वाजले होते, नाहीतर मी मिरजेला फोन केला असता.

म्हणजे चाचांनी १९८५ ची गिटार ऐकून जे ओळखलं ते त्या माणसाने एका वर्षात प्रत्यक्ष करून ठेवलं होतं, १९८६ चा 'ॲटाव्हाक्रॉन' आणि १९८७ चा 'सँड' ह्यांच्यावर. सतराव्या वर्षी न मिळालेला सॅक्सोफोन चाळिशीत असा वाकड्या वाटेने हातात आला. 'सँड'वरचं 'डिस्टन्स व्हर्सस डिझायर' ऐका, एकट्यानेच वाजवलंय. आवाज आज जुना वाटतो, ऐंशीच्या दशकातले सगळेच सिंथ वाटतात, पहिली काही मिनिटं दूरदर्शनच्या विज्ञान कार्यक्रमाचं पार्श्वसंगीत डोक्यात येतं, ते जाऊ द्या. मग एक ओळ येते आणि संपते, आणि संपते कारण श्वास संपतो. मग जागा. मग पुढचा श्वास. तारेवर वाजवणाऱ्याला थांबायची गरजच नसते, बोटं चालू शकतात रात्रभर, म्हणून तर गिटारवाले थांबत नाहीत. ह्याने स्वतःला थांबायची सक्ती करून घेतली. आणि नंतर परत जाऊन 'मेटल फटीग' ऐकला तर तिथेही तेच, नळी नसताना. ओळी श्वासाएवढ्या.

तुकड्यांना नावं देण्यात मात्र एक नंबर टवाळ. 'नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट' म्हणजे तिकडच्या मासे-बटाट्याच्या टपरीवर व्हिनेगर म्हणून देतात ती नकली पाणचट वस्तू. 'द ४.१५ ब्रॅडफर्ड एक्झिक्युटिव्ह'. २००० सालचा 'द सिक्स्टीन मेन ऑफ टेन', हे नाव स्कॉटलंडमधल्या टेन गावच्या व्हिस्कीच्या भट्टीत काम करणाऱ्या सोळा माणसांवरून. कॅलिफोर्नियात राहायला गेला, घरच्या स्टुडिओचं नाव 'द ब्रुअरी', आणि तिकडच्या बिअरला मनासारखा फेस येत नाही म्हणून ह्याने बिअरचा पंप स्वतः बनवला. सायकल चालवायचा. गिटारचा आवाज मनासारखा येत नाही म्हणून यंत्रं पण स्वतःच बनवायचा, बिनडोक्याच्या (वरच्या टोकाला खुंट्या नसलेल्या) गिटारी, जास्त लांबीच्या खर्जातल्या गिटारी बनवून घ्यायचा, हे बदल ते बदल. मिरजेच्या गल्लीत जन्मला असता तर घोड्या घासत बसला असता आणि कुठलीच जवारी पास केली नसती.

तो 'सिक्स्टीन मेन' माझ्या मते त्याचा सगळ्यात शांत आणि सगळ्यात चांगला अल्बम. डेव्ह कारपेंटरचा उभा, लाकडी बास आणि गॅरी नोव्हाकचे ड्रम. ऐंशीतला तो धडाडधूम ड्रमचा आवाज नाही, आजूबाजूला हवा आहे, वेग तोच आहे पण आता तो दाखवायचा नाहीये कुणाला. मी ऑफिसमधून निघालो की लावतो, सिल्क बोर्डचा सिग्नल येईपर्यंत एक पूर्ण होतो, कधी कधी सिग्नल सुटेपर्यंत दोन.

१५ एप्रिल २०१७ ला तो गेला, कॅलिफोर्नियातल्या व्हिस्टा गावात, घरी, सत्तर वर्षांचा होऊन. त्याच महिन्यात त्याच्या अल्बमचा एक मोठा संच बाजारात आला होता, नाव 'गिटार कायमची बदलणारा माणूस' अशा अर्थाचं. ज्याला स्वतःचा एक सोलो ऐकवत नव्हता त्याला ते नाव वाचून काय झालं असेल. आणि त्याच आठवड्यात बातमी की अंत्यविधीसाठी चाहत्यांकडून वर्गणी गोळा करतायत. काही दिवसांत एक लाख डॉलरच्या वर जमले. मी पण दिले, थोडे, कार्डवरचं कमिशन धरून जेवढे जमले तेवढे. लोकांनी वीस वर्षं ज्याचं फुकट डाउनलोड केलं (मी पण, हॉस्टेलचा लॅन), त्याच्या एका अल्बमचं नावच उधारीची चिठ्ठी, आणि चिठ्ठी फाडायला आम्ही त्या दिवशी आलो.

मे महिन्यात मिरजेला गेलो तेव्हा गल्लीत गेलो. चाचा आता चष्मा लावून, काम मुलगा बघतो, पण जवारी अजून हेच काढतात. मी सांगितलं तो गिटारवाला गेला. कुठला? म्हटलं तो, फुंकून वाजवणारा. त्यांना आठवलं की नाही कळलं नाही, मान हलवली. मग मी नळीची गोष्ट सांगितली, की तुम्ही म्हणालेलात ते खरं होतं, त्याने खरंच नळी तोंडात धरून वाजवलं. त्यांना ह्यात विशेष काही वाटलं नाही. "मग, तेच म्हणालो न्हवं." मोबाइल पुढ्यातल्या भोपळ्याला टेकवून उभा केला आणि 'डिस्टन्स व्हर्सस डिझायर' लावलं. मोबाइलचा स्पीकर तो, बारीक, खरखरीत. मुलाने मागे पॉलिशचं मशीन बंद केलं. चाचा कानस हातात तशीच धरून ऐकत होते, एक कान इकडे, दुसरा तानपुऱ्याकडे, आणि एक लांब ओळ संपून जागा आली तेव्हा मान न वळवता म्हणाले,

"हां. आत्ता घेतला बघ श्वास."

आणि पुढची ओळ सुरू व्हायच्या आत तानपुऱ्याची एक तार छेडून बघितली.